घाटात दम सोडणारे फिरते घर आणि टाकीचा श्वास

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर रत्नागिरी, गणपतीपुळे, गुहागर या पट्ट्यात निवासाची सोय असलेल्या गाड्या माझ्या तरी पाहण्यात अधिक येऊ लागल्या आहेत. त्यांतील अनेक गाड्या कारखान्यातून तशा आलेल्या नसतात. जुन्या मिनीबसच्या सांगाड्यावर एखाद्या बॉडी बिल्डरने पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि जनरेटर बसवून त्या तयार केलेल्या असतात. निवृत्तीनंतर मी घेतलेली गाडी याच प्रकारची आहे. तिच्या डिझेल इंजिनाची ताकद मधूनच नाहीशी होण्याचा दोष सुमारे दोन वर्षे कोणालाच सापडत नव्हता. तो कसा सापडला, हे इतर गाडीधारकांच्या आणि मिस्त्रींच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

दोषाचे स्वरूप असे होते. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालो की हातखंबा, पाली, नाणीजपर्यंत गाडी उत्तम चालत असे. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो की पाय अॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असूनही इंजिन दम सोडी आणि दुसऱ्या गिअरवरही गाडी रखडत चाले. काळा धूर नाही, वेगळा आवाज नाही, इंजिन तापलेले नाही. कडेला पंधरा-वीस मिनिटे थांबले की तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात घाट चढून जाई. परतीच्या प्रवासात हा त्रास एकदाही झाला नाही. परत येताना घाट उतरायचा असतो, म्हणून त्यात मला काही विशेष वाटले नाही. पण गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या बाजूला झालेल्या सहलींतही त्रास नेहमी निघाल्याच दिवशी होई, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चढांवर होत नसे, ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवूनही तिचा अर्थ लावला नाही.

गाडी तीन गॅरेजांत दाखवली. पहिल्याने डिझेल फिल्टर व एअर फिल्टर बदलले, आणि सुरुवात म्हणून ते योग्यच होते. दुसऱ्याने स्कॅनर लावला, तेव्हा ‘रेलमधील (म्हणजे नोझलांना उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) दाब अपेक्षेपेक्षा कमी’ अशा अर्थाचा कोड आला आणि त्या एका ओळीच्या आधारावर इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवून तपासणीला गेले. तिसऱ्याने टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा फीड पंप बदलला. एकूण खर्च सुमारे 46 हजार रुपये झाला. प्रत्येक वेळी मिस्त्रींनी गाडी शहरात फिरवून पाहिली आणि ती निर्दोष असल्याचे सांगितले, कारण त्या वेळी ती खरोखरच निर्दोष चालत होती. स्कॅनरचा कोड खोटा नव्हता, परंतु रेलमध्ये दाब कमी पडतो आहे एवढेच तो सांगत होता; डिझेल उच्च दाबाच्या पंपापर्यंत पोहोचतच नाही की पोहोचूनही पंपाला दाब देता येत नाही, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारला मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांची कामे करणाऱ्या एका मिस्त्रींनी. माझी हकिगत ऐकून ते म्हणाले, “सर, गाडी दम सोडेल तिथंच थांबा आणि लगेच टाकीचं झाकण उघडा. पंधरा मिनिटं वाट बघू नका.” पुढच्या खेपेस घाटात गाडी रखडताच मी तसे केले. झाकण सैल करताच हवा आत ओढली जाण्याचा ‘सूं’ असा स्पष्ट आवाज आला आणि इंजिन मिनिटभरात पूर्ववत झाले. टाकीला श्वास घेता येत नव्हता. इंजिन जेवढे डिझेल वापरते तेवढी हवा टाकीत आली पाहिजे, आणि त्यासाठी टाकीला हवेची एक बारीक नळी असते. गाडी रॅम्पवर चढवून पाहिले, तेव्हा ही नळी 200 लिटरच्या पाण्याच्या टाकीच्या आधारपट्टीखालून नेलेली आढळली. पाण्याची टाकी रिकामी असताना नळी मोकळी राहत असे आणि ती भरली की 200 किलो वजनाने पट्टी वाकून नळी चेपत असे. गॅरेजला गाडी देताना मी अर्थातच पाणी काढून देत होतो. भरीला, चोरीच्या भीतीने मूळ झाकण काढून मी बाजारातले कुलपाचे झाकण लावले होते. मूळ झाकणातून निर्वात झाल्यास हवा आत जात असे, नव्यात तशी सोयच नव्हती. हा दोष माझा.

निघाल्याच दिवशी त्रास का होई, हेही यातून उलगडले. प्रवासाला निघताना आपण पाणी आणि डिझेल दोन्ही काठोकाठ भरतो. माझी डिझेलची टाकी 70 लिटरची आहे. ती भरल्यावर वर जेमतेम 4 लिटर हवा उरते असे धरू. पन्नासेक किलोमीटरमध्ये 6 लिटर डिझेल संपले आणि बाहेरून हवा आलीच नाही, तर 4 लिटर हवेला 10 लिटर जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब दोनपंचमांशावर येतो. टाकी अर्धी असती, तर 35 लिटर हवा 41 लिटरमध्ये पसरली असती आणि दाब जेमतेम सातव्या हिश्श्याने उतरला असता. नळी पूर्ण बंद नसल्याने प्रत्यक्षात हवा थोडी झिरपत होती, म्हणूनच गाडी थांबल्यावर काही वेळाने आपोआप बरी होई. सपाट रस्त्यावर पंप ही ओढ कशीबशी सहन करतो, पण चढावर इंजिनाची मागणी वाढली की तो हरतो. कोंडलेल्या हवेची जागा वाढली की तिचा दाब त्याच प्रमाणात उतरतो, हा बॉइलचा नियम मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिला, आणि स्वतःच्या गाडीखाली तो मला एका ट्रॉलरच्या मिस्त्रींनी दाखवला.

प्रत्येक गाडीत कारण हेच असेल असे मात्र नाही. थांबल्यावर बरी होणारी गाडी टाकीतील घाणीनेही अशीच वागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या गाड्या बहुधा उभ्या असतात. टाकी अर्धी ठेवली तर दमट हवेतील बाष्प आतील पत्र्यावर साचून तळाशी पाणी जमते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढून चिकट, काळपट गाळ तयार होतो. इंजिन चालू असताना तो ओढीने जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद केल्यावर सुटून खाली पडतो. फरक एवढाच की, झाकण उघडल्याने या दोषात काही सुधारणा होत नाही. पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवणे आणि डिझेलमधील पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडणे, हे दोन्ही उपाय जवळजवळ फुकट आहेत.

तिसरी शक्यता डिझेलच्या नळीत हवा शिरण्याची. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसून ओढ असते, त्यामुळे तेथील सैल क्लिपमधून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते आणि खाली एक थेंबही दिसत नाही. फिरत्या घरांत जनरेटरसाठी याच नळीला ‘टी’ जोड देण्याची पद्धत आहे, आणि संशयाची पहिली जागा तीच असावी. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मात्र उच्च दाबाच्या बाजूचा एकही नट इंजिन चालू असताना सैल करू नये. तेथील दाब 1000 बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. ताकद जाताना काळा धूर येत असेल, तर डिझेल नव्हे, हवा कमी पडते आहे, आणि तेव्हा टर्बोचे होज व एअर फिल्टर पाहावेत. खाऱ्या हवेने गंजलेले अर्थिंग, म्हणजे विजेच्या तारेचा गाडीच्या सांगाड्याशी असलेला जोड, हे कारणही किनाऱ्यावर विसरून चालत नाही.

घाटातील अरुंद वळणावर इंजिन बंदच पडले, तर पॉवर स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते. मागून ट्रक चढत असताना अशी गाडी थोपवणे किती कठीण असते, ते मी अनुभवले आहे. म्हणून बॉडी बिल्डरांना माझी विनंती आहे की, मूळ गाडीच्या कोणत्या नळ्या व तारा हलवल्या आणि कोठून नेल्या याचा साधा हाताने काढलेला नकाशा त्यांनी मालकाला द्यावा. परिवहन खात्यानेही अशा गाड्यांची तपासणी पाण्याची टाकी भरलेली असताना करावी. गॅरेजचालकांनी पंप किंवा नोझल बदलण्यापूर्वी पंपाच्या तोंडाशी ओढ व दाब मोजून तो आकडा बिलावर लिहावा, आणि ज्या भाराने व ज्या चढावर दोष येतो त्याच स्थितीत गाडी चालवून पाहावी.

माझ्या गाडीची ती नळी आता वरच्या बाजूने नेली असून मूळ झाकण परत बसवले आहे. त्यानंतर दोन्ही टाक्या भरून आंबा घाट चारदा चढलो. एकदाही थांबावे लागले नाही. काढून ठेवलेला जुना फीड पंप बाकावर तपासून घेतला, तो पूर्ण चांगला निघाला. एखाद्या आयटीआयला मुलांना शिकवण्यासाठी हवा असल्यास मी तो आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
रत्नागिरी