सोन्याच्या तिसऱ्या वाढदिवसाआधी

इंदूर, 20 जून

प्रिय सखे,

तुला आणि डॉक्टर भाऊजींना सप्रेम सलाम, सोन्याला भरपूर पापे.

मलावीच्या मिशनमधून आलेलं तुझं पत्र परवा तुझ्या माहेरी बसून वाचलं. काकूंनी चष्मा पुसून पुसून दोनदा वाचलं आणि काही न बोलता उठून पोह्यांना फोडणी घातली. एका वाक्याने मलाही झोप लागू दिली नाही. "देवाचं बोलावणं आम्हा दोघांना होतं, सोन्याला कुणी विचारलं?" असं तू लिहिलंस. आजी-आजोबा जवळ नाहीत, मावश्या नाहीत, केकचं दुकान नाही, म्हणून त्याचं काहीतरी आपण हिरावून घेतलं असं तुला वाटतंय.

मला हे पटत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाहीये. तीन वर्षांच्या पोराला वाढदिवस म्हणजे आज सगळे माझ्याभोवती आहेत, एवढंच कळतं. इथल्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीची रोषणाई त्याने पाहिलीच नाही, तर तिच्यासाठी तो कशाला झुरेल? झुरतेयस तू. ते खरं आहे, ते लपवू नकोस, रडू आलं तर रात्री कितीही वाजता मला फोन कर. पण तुझं दुःख त्याच्या नावावर मांडू नकोस. तो तिथे चालायला शिकला, शेजारच्या बाईच्या पाठीवर चितेंजेत, त्या तिथल्या रंगीत कापडात, बांधलेला झोपला, पाणी मागतो तेही तिथल्या चिचेवा भाषेत. ते त्याचं गाव आहे गं. परका मुलूख तुझ्या-माझ्यासाठी.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. वाढदिवस इंदूरसारखा करायचा खटाटोप करू नकोस, तिथल्या माणसांच्या हाती दे. त्या बायकांना आधी सांगून ठेव. त्या गातील, टाळ्या वाजवतील, जीभ हलवून तो उंच आनंदाचा आवाज काढतील, आणि तुझं पोर मध्ये उभं राहून नाचेल. तारीखही कशी मिळालीय बघ! 1964 साली 6 जुलैलाच मलावी स्वतंत्र झाला, म्हणजे सोन्याच्या वाढदिवसाला सगळ्या देशाला सुट्टी. झेंडे, संचलनं, गाणी. अजून दोन-तीन वर्षं तरी हे सगळं आपल्यासाठीच चाललंय असं त्याला खुशाल वाटू दे.

केक मात्र कर, आणि त्यासाठी ओव्हन नको. आपल्या आज्या काय करायच्या? जाड बुडाचं मोठं पातेलं घे, तळाशी दोन बोटं कोरडी वाळू, तिच्यावर एखादी रिंग किंवा सपाट दगड, आणि त्यावर तेल लावलेला डबा. रवा, साखर, दही, तेल आणि थोडी दूध पावडर कालवून अर्धा तास भिजू दे, बेकिंग पावडर अगदी शेवटी घाल. शेगडीत खाली निखारे थोडे, झाकणावर जास्त. हे उलटं झालं की बूड जळतं आणि वरचा भाग कच्चा राहतो. पाऊण तासाने सुरी खुपसून बघ. रवा मिळाला नाही तर मैदा चालेल, पण मग दही जरा कमी. वर क्रीम वगैरे काही नको. शेंगदाणे तिकडे भरपूर आणि साखरही तिथलीच, तर पाक तांबूस होऊ दे आणि त्यात भाजलेल्या दाण्यांचं कूट घालून वरून ओत. दाणे अख्खे घालू नकोस, एवढ्या लहान पोरांच्या घशात अडकतात.

आणखी एक, जरा कडक बोलते. वर्गणी देणाऱ्यांना जे प्रार्थनापत्र तुम्ही पाठवता, त्यात या दिवसाचे फोटो घालू नका. परक्या देशातल्या गरीब मुलांना आपलं मूल खाऊ वाटतंय, असा फोटो लोकांना फार आवडतो, मला माहीत आहे. पण तो त्या मुलांना शोभत नाही आणि सोन्यालाही नाही. ती त्याची दोस्तमंडळी आहेत, त्यांच्याबरोबर त्याला जमिनीवर बसून खाऊ दे. इथून येणारी खेळणीसुद्धा सगळ्यांसमोर उघडू नका. रात्री घरी उघडा.

आमचं ठरलंय ते असं. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तुझ्या माहेरी उपकारस्तुतीची प्रार्थना. तुमच्याकडे तेव्हा साडेतीन असतील, उजेडही असेल, तेव्हा व्हिडिओ लावा. पाळक साहेब येणार आहेत. चर्चमध्ये सगळं हिंदीत असतं, पण त्या दिवशी घरी मराठीच भजनं म्हणायची अशी नानांची ताकीद आहे. ते स्तोत्र 121 वाचणार. जाण्यायेण्यात परमेश्वर राखील, हे त्यातलं शेवटचं वचन ते रोज सोन्याचं नाव घेऊन म्हणतात. शेजारच्या जोशी काकू श्रीखंड करणार आहेत, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

रतलामच्या मिशन हॉस्पिटलातले डॉ. रॉबर्ट मॅक्लुअर तुला आठवतात ना? कॅनडाच्या मिशनऱ्यांचा मुलगा, बालपण सगळं चीनच्या हेनान प्रांतात. मोठा झाल्यावर 1923 मध्ये सर्जन होऊन तो चीनलाच परत गेला, आणि 1954 ते 1967 आपल्या रतलामला होता. सोन्याने डॉक्टर व्हावं, मिशनरी व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही, त्याचं तो ठरवेल. पण परमुलखात वाढलेलं मूल उपाशी राहतं, हे खरं नाही एवढं मला दिसतं. उलट त्या मुलाला चीन आपला वाटला, म्हणून तर तो परतला.

भाऊजींचे सहकारी महिनाअखेरीस निघतायत, त्यांच्याबरोबर पार्सल देतेय. लौंग शेव, वेलदोडे, चित्रांची दोन मराठी पुस्तकं, आणि काकूंनी स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली गोधडी. जुलैत तुमच्याकडे थंडी असते हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यांना सोन्यासाठी बूटही घ्यायचेत, पण माप नाही. त्याचं पाऊल कागदावर ठेव, पेन्सिलीने कड काढ, पट्टीने मोजून किती सेंटिमीटर ते लिही आणि फोटो मला शुक्रवारच्या आत पाठव. अर्धा बोट वाढतं घेऊ.

तुझी
बेबी