आकाश बघून पोट भरतं का?

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधी लिहिते, नाहीतर बाबा पानं उलटून शेवट शोधत बसतील. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. तो मंजूरही झाला. महिनाअखेरीस ऑफिस सुटेल आणि त्यानंतर आकाशदर्शनाचे कार्यक्रम, शिकवणं आणि दुर्बिणींची दुरुस्ती यांवर माझं चालेल. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई गप्प होते, बाबा नुसतं ‘बरं’ म्हणतात, आणि त्या ‘बरं’नंतर मला पुढचं काही सुचत नाही.

लगेच मामाचं उदाहरण काढू नका. मामाने कर्ज काढलं होतं, आणि तेही कुणाच्या भरवशावर ते आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी कुणाचा पैसा उचललेला नाही, कुठे सही केलेली नाही. दुर्बिणी, त्या ज्यावर बसवतात ते माउंट, कॅमेरे सगळं पगारातून एकेक करत घेतलेलं आहे. वर्षभराचा खर्च बाजूला ठेवला आणि मगच राजीनामा लिहिला. तुमच्या खात्यात येणारी रक्कम त्याच तारखेला येत राहील. आरोग्य विम्याचा पुढचा हप्ताही भरून टाकलाय. तेव्हा आईने उगाच काटकसर सुरू करू नये. ती करणारच, म्हणून लिहिते.

आता बाबांचा नेहमीचा प्रश्न, आकाश बघून पोट भरतं का? बघून नाही भरत. दाखवून थोडं भरतं, शिकवून बऱ्यापैकी, आणि सगळ्यात नेमाने पैसे येतात ते दुरुस्तीतून. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी हे सगळं चालूच होतं, त्याचा हिशोब तुमच्याच पद्धतीने जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत लिहून ठेवलाय. पुढच्या वेळी येईन तेव्हा वही घेऊन येते, लाल पेन तयार ठेवा.

आत्याला वाटतं मी फोटो विकते. मृगातल्या तेजोमेघाचा माझा फोटो तिने हौसेने फ्रेम करून लावलाय. पण तो विकत कोण घेणार? हबल आणि जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणींची चित्रं जगाला फुकट मिळतात. त्यांच्यापुढे माझा तेजोमेघ आत्याच्या भिंतीपुरता. ज्यात घेणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी असतं तोच फोटो विकला जातो. त्यांच्या शाळेच्या इमारतीवरून गेलेली आकाशगंगा, किंवा त्यांच्या रोजच्या बघण्यातल्या सुळक्यामागून उगवणारा पूर्ण चंद्र. चंद्र कोणत्या दिवशी, कुठे उभं राहिलं की बरोबर त्या टोकामागून वर येईल याचं गणित करावं लागतं आणि त्या मिनिटाला तिथे हजर असावं लागतं. त्याचे पैसे लोक खुशीने देतात. त्याहून जास्त मिळतात ते हे काम शिकवण्याचे. चांगला कॅमेरा असलेले पुष्कळ आहेत. पण एकाच तेजोमेघाचे शंभर फोटो एकावर एक कसे रचायचे, झाकण लावून घेतलेल्या डार्क फ्रेम्सनी सेन्सरचे तापट ठिपके कसे वजा करायचे, एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्लॅट फ्रेम्सनी धुळीचे डाग कसे घालवायचे, हे शेजारी बसून दाखवणारं कुणी नसतं.

दुरुस्तीचं काम मात्र माझ्या अंदाजापलीकडे वाढलं. शाळा-कॉलेजांच्या कपाटांत किती दुर्बिणी नुसत्या पडून आहेत! घेतल्या त्या वर्षी थाटात उद्घाटन होतं. मग कुणीतरी आरसा कोरड्या फडक्याने पुसतं, कुणीतरी मागचे स्क्रू फिरवून बघतं, आणि ‘यातून काही दिसत नाही’ म्हणून ती कपाटात जाते. आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. त्याला फडकं कसं चालेल? आधी वाहत्या पाण्याने धूळ जाऊ द्यायची, मग ओला कापूस निव्वळ त्याच्या वजनाने फिरवायचा, शेवटी डिस्टिल्ड पाणी ओतून आरसा तिरका उभा करून वाळवायचा. मग दोन्ही आरसे एका रेषेत आणायचे. याला कॉलिमेशन म्हणतात, त्यात स्क्रू पाव वळसा इकडचा तिकडे झाला तरी शनी कधी पिठूळ होतो, कधी धारदार. थरच उडाला असेल तर तो निर्वात कक्षात पुन्हा चढवावा लागतो, ते मी बाहेरून करून घेते. बाबा, तुम्ही रेडिओ उघडायचात तेव्हा निघालेला प्रत्येक स्क्रू मला त्याच क्रमाने कागदावर मांडायला लावायचात आणि एक जरी घरंगळला तरी सगळं काम थांबवायचात. मी अजून तसंच करते. तुमचा बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच माझ्याकडे आहे, शोधत बसू नका.

कार्यक्रमांचं थोडं वेगळं असतं. हौशी माणसाला अमावस्येचं काळं आकाश हवं असतं, पण पैसे देऊन येणाऱ्या कुटुंबाला देवयानी दीर्घिका दाखवली की त्यांना दिसतो एक राखाडी डाग. पंचवीस लाख प्रकाशवर्षं वगैरे ऐकून मोठी माणसं मान हलवतात, मुलं मात्र तिथेच पेंगायला लागतात. म्हणून शाळेचा कार्यक्रम मी शुक्ल अष्टमीच्या आसपास घेते. अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात आणि पहिलाच मुलगा दुर्बिणीतून ओरडतो, त्यावर पुढची सगळी रांग जागी राहते. शनी असेल तर बघायलाच नको. मार्च २०२५मध्ये त्याची कडी आपल्या बाजूने अगदी एका रेषेत आली होती, त्याच्या आगेमागच्या महिन्यांत लोक हिरमुसून जायचे. आता ती वर्षागणिक उघडत २०३२पर्यंत पूर्ण पसरतील. धंद्यासाठी याहून चांगली बातमी कुठल्या कंपनीने दिली असती सांगा!

ढगांचं काय, हे आई विचारेल. ढगाळ महिन्यांत फुगवायचं तारांगण आहे, एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत घेतलेलं, ते शाळेच्या सभागृहात मावतं. शिवाय कार्यक्रम ठरवतानाच सांगते की ढग आले तर दुसरी तारीख देईन, पैसे परत नाहीत. सुरुवातीला हे सांगताना जीभ अडखळायची, आता नाही अडखळत. लेखही लिहिते, पण त्याच्या मानधनाबद्दल न बोललेलंच बरं.

प्रवासाचंही काम आहे, आणि हे जरा शांतपणे वाचा. २ ऑगस्ट २०२७ला खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ झाकलेला राहील, आणि तिथे ऑगस्टात ढगांची भीती जवळपास नसते. अशा सहलींना आकाश समजावून सांगणारं, फिल्टर तपासून देणारं, झाकला जाण्याच्या त्या काही मिनिटांत लोकांना कॅमेऱ्यातून डोकं वर काढायला लावणारं माणूस लागतं. मला बोलावणं आलंय. जाणं-येणं, राहणं त्यांच्याकडे, वर मानधन. तेवढे दिवस दादा तुमच्याकडे येऊन राहणार आहे, त्याच्याशी बोलून झालंय. पुढे २२ जुलै २०२८ला ऑस्ट्रेलियातून खग्रास दिसेल. १३ एप्रिल २०२९ला तर अपोफिस नावाचा लघुग्रह जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. घाबरू नका, आदळणार नाही. पण त्या आठवड्यात माझा फोन लागणार नाही एवढी कामं येतील.

बाबा म्हणतील, हे सगळं हौशी लोकांचं, यावर कोण जगलंय? विल्यम हर्शेल जगला. इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो ऑर्गन वाजवायचा, संगीत शिकवायचा, रात्री स्वतः घासलेल्या आरशांनी आकाश बघायचा. १३ मार्च १७८१ला त्याला युरेनस सापडला. इंग्लंडच्या राजाने वर्षाला २०० पौंड देऊ केले, संगीतातून मिळायचं त्याहून कमी, तरी त्याने संगीताचे वर्ग बंद केले. उरलेली तूट त्याने कशाने भरून काढली? दुर्बिणी बनवून विकल्या. गिऱ्हाइकांत स्पेनचा राजाही होता. आणि आई, त्याच्या बहिणीला, कॅरोलाइनला, १७८७पासून वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला, तिच्या स्वतःच्या नावाने. अमेरिकेतल्या एडवर्ड बार्नार्डचं तर मला फार आवडतं. वडील जन्माआधीच गेलेले, नवव्या वर्षापासून फोटो स्टुडिओत कामाला. त्या काळी वॉर्नर नावाचा एक औषधविक्रेता नव्या धूमकेतूमागे २०० डॉलर बक्षीस द्यायचा. बार्नार्ड धूमकेतू शोधत गेला आणि त्या बक्षिसांतून घराचं देणं फेडलं. तो रस्ता आज जवळजवळ बंद आहे, हे मीच सांगते. स्वयंचलित दुर्बिणी रोज रात्री सगळं आकाश चाळतात, हौशी माणसाच्या वाट्याला धूमकेतू क्वचितच उरतो. म्हणून मी त्या नादाला लागलेली नाही, दुर्बिणी धुते.

काही गोष्टी मी करणार नाही. ताऱ्याला तुमचं नाव देतो म्हणून सर्टिफिकेट विकणारे आहेत, त्यात खूप पैसा आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ असली नावं मानत नाही, ते निव्वळ कागद विकणं झालं. कार्यक्रमानंतर ‘भविष्य सांगता का’ असं विचारणारा एक तरी भेटतोच. सांगितलं असतं तर राजीनामा फार आधी देता आला असता. आणि रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी मी पूर्वीसारख्याच फुकट पाठवत राहीन. दर महिन्याची एक अंधारी रात्र मी कुणालाच विकणार नाही असं ठरवलंय.

आई, आता तुझ्यासाठी. रात्री मी एकटी कुठे जात नाही. बरोबर दोन मदतनीस असतात, जागा दिवसा पाहून ठेवलेली असते, मुक्काम आधीच ठरलेला असतो. कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री गाडी चालवायची नाही, हा माझाच नियम आहे. झोप होते. खरं तर ऑफिसपेक्षा जास्त होते, कारण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी उठवत नाही. तू विणलेली टोपी वापरते, अजून एक लागेल, कान पूर्ण झाकणारी. घाई नाही, गुडघे दुखत असताना तासन्‌तास एका जागी बसून विणू नकोस. ‘एवढं शिकवलं ते यासाठी का’ असं तू म्हणणार नाहीस, मनात आणशील. शिकले त्यातलं काही वाया गेलेलं नाही गं. शाळांना अंदाजपत्रक पाठवताना, पैशाचं पक्कं बोलताना तेच सगळं वापरते.

आणि हे वेड लावलं कुणी? गच्चीवर सतरंजी टाकून कृत्तिका मोजायला तुम्हीच लावायचात, बाबा. मी सहा म्हणायचे, दादा चढाओढीने नऊ म्हणायचा, आणि तुम्ही सहालाच शाबासकी द्यायचात. मान दुखली म्हटलं की तुमचा तळहात उशीसारखा डोक्याखाली यायचा. मागच्या वेळी आले तेव्हा मी कृत्तिका दाखवल्या आणि तुम्ही म्हणालात, ‘तिथे ढग आहे का?’ ढग नव्हता, बाबा.

तर आता मी सांगते ते ऐकायचं. मोतीबिंदू अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी बघू, हे बंद. डॉक्टरांनी आत्ता करा म्हटलंय तर आत्ताच करायचं. पिवळट झालेलं भिंग निळा रंग अडवतं. ते बदललं की अभिजितचा तारा पुन्हा निळसर दिसेल, मृगातला राजन्यही, आणि पेपर वाचायला दोन दिवे लागणार नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येईन आणि आठवडाभर राहीन, बॉस आता मीच आहे, रजा मंजूर. थेंबांचं वेळापत्रक आईने नाही, तुम्ही स्वतः पाळायचं. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं की बंद करायची नाही. गच्चीच्या जिन्यात दिवा बसवायला माणूस पाठवतेय, त्याला ‘नको’ म्हणून परत लावू नका.

जुनी ७×५०ची द्विनेत्री कपाटात ठेवून द्या, मी ८×४० पाठवतेय. वय वाढलं की अंधारात बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, सात मिलिमीटरची पाचवर येते, आणि जुनीतून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे त्यातला बराचसा डोळ्यात शिरतच नाही; नवीचा पाचच मिलिमीटरचा आहे. नवी हलकी आहे, हातही कमी थरथरेल. शेजारच्या मुलांना तिच्यातून सूर्य मात्र चुकूनही दाखवायचा नाही, काळी काच लावूनसुद्धा नाही. फिल्टर नेहमी वस्तुभिंगाच्या पुढे, सूर्याच्या बाजूला बसवायचा असतो आणि तो मी आल्यावरच बसवेन.

डॉक्टरांची तारीख मिळाली की त्याच दिवशी कळवा. रागावला असाल तरी कळवा. आणि फोनवर ‘बरं’च्या पुढे निदान एक वाक्य बोला.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, पार्सलच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नकोस, द्विनेत्रीच्या पिशवीतच राहू दे. आतल्या भिंगांना बुरशी लागत नाही.