तू पाठवलेला तो नाकाच्या गाडीचा फोटो

प्रिय बाळा,

तू परवा स्टुटगार्टच्या म्युझियममधून फोटो पाठवलास ना, जुन्या लॉरीचा, पुढं लांब नाक आणि नाकावर तो तारा, तो बाबांना दाखवला. चष्मा लावून बघितला, बोटानं मोठा करून बघितला आणि एवढंच म्हणाले, "ही आपल्यात होती." मग उठून अंगणात जाऊन उभे राहिले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. मला मोबाईलवर एवढं टाइप करायला जमत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन बसलेय, लांबलं तर लांबू दे, तू रविवारी निवांत वाच.

दिवाळीत तू फोनवर बोलता बोलता म्हणालास की बाबांना धंदा स्केल करता आला नाही. तू वाईट मनानं म्हणाला नाहीस, मला माहितीय, तुझ्या ऑफिसात रोज हेच शब्द असणार. पण माझ्या डोक्यातून ते काही जात नाही. तुला अर्ध्याच गोष्टी माहिती आहेत आणि त्यात आमचीच चूक आहे, आम्ही कधी बसून सांगितलंच नाही.

आजोबा आधी वखारभागात एका हुंडेकऱ्याकडं कारकून होते. हुंडेकरी म्हणजे माल व्यापाऱ्याचा, गाडी तिसऱ्याची, दोघांची गाठ घालून द्यायची आणि मधे आपलं कमिशन घ्यायचं. सांगलीची हळद, गूळ, शेंगा सगळं मुंबईला जायचं. पण रेल्वे तेव्हा पुण्यापर्यंत मीटरगेज होती, म्हणजे पुण्यात सगळा माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा, त्यात हमालांच्या आकड्यांनी पोती फाटायची, आणि चार दिवस लागतील का आठ ते कुणी सांगू शकत नव्हतं. ट्रक मात्र इथं दुकानाच्या दारात भरला की थेट मशीद बंदरला व्यापाऱ्याच्या दारात खाली. आजोबांनी हे कारकून असतानाच हेरलं होतं. १९६६ साली आजीच्या पाटल्या मोडून आणि दोन व्यापाऱ्यांकडून हातउसने घेऊन त्यांनी एक जुनी गाडी घेतली, ती ही ताऱ्याची. टाटांनी १९५४ साली जमशेदपूरला तुझ्या स्टुटगार्टच्या डाइम्लर-बेंझ (मर्सिडीजवाले) बरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली तेव्हापासून पंधरा वर्षं आपल्याकडच्या टाटाच्या ट्रकवर तुझ्या तिथला तारा असायचा. १९६९ला करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटाचा टी आला. म्हणजे बघ, तू नोकरीला त्या गावात गेलास त्याच्या कितीतरी आधी त्या गावाची खूण आपल्या दारात उभी होती.

त्याच १९६९ साली बँका सरकारी झाल्या आणि लहान माणसाला ट्रकसाठी कर्ज मिळायला लागलं. दुसरी गाडी १९७४ला आली, टाटाची बारा-दहा (१२१० मॉडेल), नवी कोरी. नुसती चासी आली होती, ड्रायव्हर उघड्यावर फळीवर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून चालवत घेऊन आला, मग इथं सुताराकडं केबिन आणि हौदा बांधून घेतला. पेंटरनं पुढं गणपती प्रसन्न लिहिलं, मागं हॉर्न ओके प्लीज, आणि फाळक्यावर दोन मोर काढले. आजी सांगायच्या की त्या वर्षी घरात कुणाला नवं कापड नव्हतं पण मोरांना तीन रंग होते. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं तेव्हा लोक म्हणत होते की आता ट्रकवाले बसणार. बसले नाहीत, उलट वाढले, कारण दारातून दारात ही गोष्ट रेल्वेला जमणारी नव्हती.

मी १९८७ला या घरात आले तेव्हा चार गाड्या होत्या. लग्नाला महिना झाला नाही तोवर आजोबांनी माझ्यासमोर बिल्टीबुक (गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्यांचं पुस्तक) ठेवलं, म्हणाले "सूनबाई तुमचं अक्षर चांगलंय." कार्बन घालून चार प्रती, एक माल पाठवणाऱ्याला, एक माल घेणाऱ्याला, एक ड्रायव्हरजवळ, एक आपली. पेन इतकं दाबून लिहायला लागायचं की चौथ्या प्रतीवर नाव उठलं पाहिजे, संध्याकाळी बोटं निळी आणि मनगट दुखून आलेलं. नग किती, वजन किती, भाडं भरलंय की टू पे (म्हणजे माल घेणारा देणार), हमाली, वाराई. आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं की माल मालकाच्या जोखमीवर. ती ओळ लक्षात ठेव, पुढं सांगते.

गाडी संध्याकाळी सातला निघायची. निघायच्या आधी आपले पटकेवाले काका (तुला आठवतात ना, तुला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू द्यायचे) टॉमी (लोखंडी सळई) घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि प्रत्येक टायरवर ठोका द्यायचे. आवाजावरून हवा कळायची त्यांना. मागच्या जोडीत आतला टायर बसलेला असेल तर बाहेरून दिसत नाही, पण ठोका बद्द यायचा आणि ते तिथंच थांबायचे, क्लीनरला नुसती मान हलवून दाखवायचे. मी दारात उभी राहून ऐकत असायची, ठण ठण ठण, आणि सगळे ठोके सारखे आले की मग जिवात जीव. नंतर ताडपत्री ओढून रस्सी आवळायची, पावसाळ्यात तर दोन ताडपत्र्या, कारण हळदीला पाणी लागलं की संपलं.

मग पेठनाका, कराड, सातारा, खंबाटकी. आता साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगद्यातून पाच मिनिटांत पलीकडं, पण तो बोगदा २०००च्या आसपासचा, त्याआधी भरलेली गाडी पहिल्या गिअरवर घाट चढायची आणि क्लीनर दगड हातात घेऊन मागून चालत यायचा, गाडी थांबली की चाकामागं दगड. रात्र पडलेली, धूर, पुढच्या गाडीचा एक लाल दिवा. पुढं कात्रज, मग पुण्याचा जकात नाका, तिथली लाइन. बोरघाटात शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय एकही ड्रायव्हर पुढं जायचा नाही. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर. आता सगळे एक्सप्रेसवेनं जातात, त्यांना शिंगरोबा लागतच नाही, आणि घाटातला जुना अमृतांजन पूलपण २०२०ला लॉकडाऊनमधे पाडला. बाबांनी ती बातमी टीव्हीवर बघितली तेव्हा जेवत होते, हात तसाच राहिला ताटात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीद बंदरवरून फोन यायचा, "गाडी लागली." एवढे दोनच शब्द. तो फोन येईपर्यंत आजी जेवायच्या नाहीत. मोबाईल नव्हता, जीपीएस नव्हतं, मधे कुठं काय झालं तर एखाद्या ढाब्यावरून नाहीतर पेट्रोल पंपावरून निरोप, तोही समोरून येणाऱ्या गाडीवाल्यानं आणलेला. तुम्हाला आता स्क्रीनवर ठिपका सरकताना दिसतो, चांगलंच आहे, मला असता तर किती रात्री झोप लागली असती.

आणि घर म्हणजे काय, अर्धं घर गाड्यांचंच होतं. परतीची गाडी रात्री दोनला आली तरी ड्रायव्हर क्लीनरला गरम भाकरी मिळायचीच, आजींचा नियम होता, शिळं वाढायचं नाही. त्यांच्या पोरींच्या लग्नाला पैसे, पोराच्या शाळेची फी, हे वेगळ्या वहीत लिहिलेलं असायचं आणि ती वही आजीकडं, आजोबांना बघायची परवानगी नव्हती. खंडेनवमीला सगळ्या गाड्या धुवून एका रांगेत उभ्या, झेंडूच्या माळा, टॉमी, जॅक, पाने सगळं पाटावर मांडून हळदकुंकू. पूजेला बसायचे पटकेवाले काका. मालक नाही, ड्रायव्हर. आजोबा म्हणायचे, गाडी ज्याच्या हातात तिची पूजा त्याची. हे मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितलं नाही आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

आता ती बारीक अक्षरातली ओळ.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका गाडीची ताडपत्री वाटेत फाटली, रात्रभर पाऊस, बावीस पोती हळद भिजली. बिल्टीवर स्पष्ट छापलेलं की जोखीम मालकाची. व्यापारीसुद्धा म्हणाला की जाऊ द्या, निम्मं निम्मं करू. आजोबांनी पूर्ण पैसे दिले. मी नवीन होते, मला वाटलं हे काय, मग ती ओळ छापता कशाला? तर म्हणाले, "ती ओळ कोर्टासाठी आहे, गावासाठी नाही." बाबा तिथंच उभे होते. बोलले काही नाहीत, पण ते त्यांच्यात किती खोल गेलं ते मला पुढं कळलं.

२००५चा पूर तुला आठवतो, तू दहावीत होतास, तुला मामाकडं पाठवलं होतं. हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत) पाणी शिरलं, लोकांची वर्षानुवर्षं साठवलेली हळद कुजली, त्याच्या बातम्या सगळीकडं आल्या. आपलं नदीकडचं गोडाऊन कुणाच्या बातमीत नव्हतं. त्यात आपण बिल्ट्या लिहून दिलेला पण गाडीत न भरलेला माल होता, रस्ते बंद म्हणून गाड्या निघालेल्याच नव्हत्या. हळद, बेदाणा, दोन पार्ट्यांचं कापड. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उचललं तर आधी वास आला, मग पिवळा चिखल वाहत बाहेर आला, सगळा चिखल पिवळा. बाबा त्यात गुडघाभर उभे राहून पोती मोजत होते. आता काय मोजताय, असं मी ओरडले त्यांच्यावर. ते म्हणाले, "नग मोजतोय, लोकांना सांगायला लागेल."

आजोबा तेव्हा नव्हते. बाबांना कुणी विचारलंही नसतं, पूर होता, सगळ्यांचंच गेलेलं. विम्यातून आलं ते थोडं. बिल्टीबुकाची आपली प्रत वरच्या फळीवर होती म्हणून वाचली, त्यावरून एकेकाचं नाव काढून, एकेकाच्या दुकानात स्वतः जाऊन आकडा ठरवला आणि सहा वर्षं तो आकडा फेडला. त्यासाठी दोन गाड्या विकल्या. तुला वाटायचं ना की सगळे मोठ्या मल्टिॲक्सल गाड्या घेत होते आणि आपले बाबा जुन्या गाड्या विकत सुटलेत? ते हे होतं. तुझ्या इंजिनीअरिंगची फी भरायची त्याच वर्षांत ते हेही भरत होते. त्याच दरम्यान ओव्हरलोडवर सुप्रीम कोर्टाचा बडगा आला, रस्ते चौपदरी झाले, मोठ्या कंपन्यांनी व्यापाऱ्यांशी वर्षाचे करार केले, एकदोन गाडीवाल्यांना भाडं परवडेना. गदगचे विजय संकेश्वर (व्हीआरएलवाले) १९७६ला एका ट्रकवर सुरू करून केवढे झाले ते बाबांनीच तुला सांगितलंय, त्यांना मोठं होणं कळत नव्हतं असं नाही. हातात जे भांडवल होतं ते त्यांनी दुसरीकडं लावलं, एवढंच.

शेवटची गाडी २०११ला विकली. घेणारा कराडचा होता. पटकेवाले काका तेव्हा निवृत्त, तरी आले, टॉमी घेऊन चक्कर मारली, सगळ्या टायरांवर ठोके दिले आणि घेणाऱ्याला सांगितलं, मागचा डावा आतला दोन महिन्यांत बदलून घ्या. बाबांनी त्याच संध्याकाळी शेवटच्या व्यापाऱ्याचा शेवटचा चेक दिला. घरी आले, बिल्टीबुकं पोत्यात भरली, पोतं माळ्यावर. मी रडले, ते नाही रडले.

आजही मार्केट यार्डात गेलो की म्हातारे अडते खुर्चीवरून उठतात बाबांना बघून. मी मागं पिशवी घेऊन उभी असते, मला ते दिसतं. तू नसतोस तिथं म्हणून तुला लिहिलं.

अजून एक. पहिली गाडी भंगारात गेली तेव्हा आजोबांनी मिस्त्रीकडून तो तारा काढून ठेवला होता, पुरात तोही बुडाला होता. तुझा फोटो आला त्या रात्री माळ्यावर खुडबुड ऐकली, सकाळी बघते तर बाबा पेपर पसरून रांगोळीनं तो घासत बसलेले. एक टोक वाकलंय त्याचं, पण चमकायला लागलाय.

बाबा विचारतायत की तिथल्या त्या गाडीचं बॉनेट उघडून बघू देतात का, आणि स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे. फोटोत नीट दिसत नाही म्हणे. पुढच्या रविवारी परत जाऊन ये आणि मला नको, त्यांनाच फोन कर.

तुझी,
आई