मागचा कठडा एकदा खालून पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर निघतात आणि मालकांच्या याद्या सुरू होतात: बुडाचा रंग, इंजिन, शिडे, दोर. मागच्या कठड्याचे, म्हणजे बोटीवरची माणसे ज्याला ‘पुशपिट’ म्हणतात त्याचे, नाव यादीत आलेच तर ‘पॉलिश करणे’ एवढ्यापुरते. आमचे म्हणणे असे की पॉलिश सर्वांत शेवटी करावे, आणि राहून गेले तरी बिघडत नाही. कठडा पाइपात क्वचितच तुटतो. तो उखडतो पायातून, डेकमधून, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागातून. हल्ली त्याच कठड्याच्या कोपऱ्यांत बसायच्या फळ्या लावून घेण्याची हौस वाढली आहे, म्हणून हे पत्र.

साधा हिशेब करू. कठड्याची उंची डेकपासून ६०० मिमी धरा. पायाच्या बोल्टांमधले अंतर ७५ मिमीच्या आसपास असते. म्हणजे तरफ आठपटीची झाली. ७० किलोचा माणूस तोल जाऊन वरच्या पाइपावर टेकला आणि सगळा जोर एकाच पायावर आला, तर त्या पायाचे बोल्ट साडेपाचशे किलोंच्या ताकदीने वर ओढले जातात. यात झटका धरलेलाच नाही. चार पायांचा कठडा हा जोर वाटून घेतो हे खरे, पण वाटून घ्यायला चारही पाय घट्ट असावे लागतात. गेटवेसमोर उभ्या असणाऱ्या बोटींना आणखी एक मार बसतो. छोट्या होडीतून वर चढणारा जवळजवळ प्रत्येक जण हात घालतो तो याच कठड्याला. लाँचची लाट आली की होडी खाली जाते, माणूस अर्धवट वर लोंबकळतो आणि भार एका कोपऱ्यावर येतो.

तपासणी खालून करायची. कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेच्या, बाकाखालच्या कपाटात डोके घालून टॉर्च मारा. बोल्टांच्या टोकांशी तपकिरी ओघळ दिसले, किंवा नटांखाली रुपयाएवढे वॉशर आणि दुसरे काहीच दिसले नाही, तर काम निघाले म्हणून समजा. वरून पायाभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, चांदणीसारख्या बारीक चिरा पडल्या आहेत का तेही बघा. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेक ठोका. शाबूत डेक टणक वाजतो, कुजलेला ‘ढब’ करतो.

हे होते कसे? बहुतेक फायबरच्या बोटींचा डेक म्हणजे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा लाकडाचा, प्लायचा किंवा फोमचा गाभा. बोल्टाचे भोक या गाभ्यातून आरपार जाते. वरचे सिलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, कालांतराने सुटते, पाणी आत शिरते, बाल्सा आणि प्लाय कुजतात. पाय हलू लागतो. मालक पाना घेऊन नट आवळतो, त्याने मऊ गाभा चेपतो, सिलंट आणखी फाटते आणि पुढच्या वर्षी पाणी दुप्पट येते. नट आवळणे हा इलाज नव्हे, तो आजाराचाच भाग आहे.

इलाज असा. पाय काढा. ८ मिमीच्या बोल्टासाठी भोक १६ मिमीपर्यंत मोठे करा, पण खालचा पापुद्रा शक्यतो जुन्याच मापाचा ठेवा. वाकवलेला खिळा किंवा काटकोनी ॲलन की ड्रिलमध्ये धरून भोकाच्या चहूबाजूंनी गाभा निदान १० मिमी खरवडून काढा. ओला भुसा यायचा थांबला आणि कोरडा, फिकट भुसा येऊ लागला की थांबायचे. तो थांबतच नसेल तर हे भोकापुरते काम नाही; वरचा पापुद्रा कापून गाभा बदलावा लागेल, आणि ते काम फायबरच्या जाणकार कारागिराकडेच द्यावे. गाभा वाळला की खालून टेप लावून आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारे रसायन) ओता, ते शोषले गेले की सिलिका घालून लोण्याइतके घट्ट केलेले इपॉक्सी काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी मधोमध ८ मिमीचे नवे भोक पाडा. आता बोल्टाभोवती लाकूड नाही, सगळा इपॉक्सीचा ठोकळा आहे. पुढे कधी सिलंट गळलेच तरी पाणी खाली टपकेल, डेकमध्ये मुरणार नाही.

नव्या भोकाची वरची कड काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या ड्रिलने) तिरपी करून घ्या. त्या खोबणीत सिलंटचे कडे बसते, आणि खरी अडवणूक तेच करते. सिलंट म्हणून ब्युटाइल टेप उत्तम, पण डिझेलच्या झाकणाजवळ ती लावू नये, इंधनाने ती विरघळते. तिथे पॉलिसल्फाइड वापरावे. सिलिकॉन मात्र लावू नका. ते खाऱ्या पाण्यात आणि हालचालीत लवकर सुटतेच, शिवाय मागे असा थर ठेवून जाते की त्यावर पुढे दुसरे काही धरत नाही. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेनही नको, कारण हा पाय पुन्हा कधीतरी काढायचाच आहे.

खाली बॅकिंग प्लेट, म्हणजे नटांचा जोर पसरवणारी पट्टी, हवीच. पायाच्या निदान दुप्पट क्षेत्रफळाची, ६ मिमी जाडीची जी-१० ग्लास-इपॉक्सी (काचतंतू आणि इपॉक्सीचा टणक पत्रा) किंवा ३ ते ४ मिमीची ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, कोपरे गोल केलेली. डेकचा खालचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून प्लेट घट्ट इपॉक्सीच्या लगद्यात बसवावी, नाहीतर ती तीन ठिकाणीच टेकते. स्टीलच्या बोल्टावर स्टीलचा नट कोरडा आणि यंत्राने आवळला तर आटे एकमेकांत रुतून जाम होतात. आटे जाम होऊ न देणारे अँटी-सीझ वंगण लावा आणि हातानेच आवळा. बोल्ट फिरू देऊ नका, नट फिरवा. बोल्ट फिरला की नुकतेच बसवलेले सिलंटचे कडे तुटते.

कामाच्या वेळेबद्दल. डेकची भोके जुलैत उघडणे म्हणजे उघड्या जखमेवर पाणी ओतणे. कोकणच्या पावसाळी हवेत गाभा वाळतच नाही, आणि इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती साबणपाण्याने घासून काढल्याशिवाय दुसरा थर धरत नाही. म्हणून गाभ्याचे काम मेमध्ये किंवा मग ऑक्टोबर उलटल्यावर. मेच्या उन्हात उलट अडचण: मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते, तेव्हा एका वेळी १०० ग्रॅमच कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. पाऊस सुरू झाला की कठडा वर्कशॉपमध्ये न्यायचा. स्टीलचे काम छपराखाली खुशाल चालते.

स्टीलबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण फसगत इथे होते. जिन्याची रेलिंग करणाऱ्या कारागिराकडे बहुधा ३०४ किंवा त्याहून हलका २०२ ग्रेडचा पाइप असतो. घरात तो वर्षानुवर्षे चांगला राहतो. समुद्रावर एका हंगामात त्यावर चहाचे डाग पडल्यासारखी लाली येते, आणि पायाच्या खोबणीत, जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोचत नाही, तिथे बारीक खड्डे पडून तो खाल्ला जातो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, टिकतो तो त्यामुळे. वेल्डिंग करायचे असल्याने कमी कार्बनचा ३१६-एल घ्यावा. लोहचुंबक लावून खात्री करून घेणाऱ्यांना सांगायचे म्हणजे, चुंबक २०२, ३०४ आणि ३१६ यांत फरक करत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात, ते वापरा, नाहीतर टेस्ट सर्टिफिकेट मागा. मापाचाही घोळ आहे. दुकानात नुसते ‘एक इंची’ म्हटले तर एनबी (आतल्या पोकळीच्या नाममात्र) मापाचा पाइप हातात पडू शकतो, त्याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. आपल्याला हवा तो बाहेरून २५.४ मिमीचा, आणि युरोपात बांधलेल्या बोटींवर बऱ्याचदा नेमका २५ मिमीचा. ०.४ मिमीने क्लॅम्प बसत नाही किंवा घट्ट होत नाही. व्हर्नियर खिशात घेऊनच जा. भिंतीची जाडी १.५ मिमीच्या खाली नको.

वाकलेला पाइप गॅसने तापवून सरळ करू नये. घडी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून, आत १०० मिमी लांबीची नळी सरकवून आर्गन वेल्डिंग करावे, सळई ३१६-एलचीच. नवा कठडा करायचा तर पाय आधी डेकवर बोल्टने बसवा, पाइप जागेवरच वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी जोडा आणि पूर्ण वेल्डिंग वर्कशॉपमध्ये करा. वेल्डिंगने पाइप ओढला जातो. मापे कागदावर लिहून नेलेला कठडा परत आल्यावर चार पायांपैकी तीनच जागी बसतात आणि चौथा जबरदस्तीने ओढला की डेक कायमचा ताणात राहतो. बोटीवर टाके मारताना बॅटऱ्यांच्या वायरी सोडवा, जेलकोट ओल्या गोणपाटाने झाका. वेल्डजवळची निळी-तपकिरी झाक पिकलिंग पेस्टने काढलीच पाहिजे, गंज तिथूनच सुरू होतो. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हातमोजे, चष्मा आणि भरपूर पाणी यात हयगय नको. प्रत्येक पायाच्या खालच्या टोकाला पाणी निघायला ५ मिमीचे भोक ठेवा.

आता बसायच्या जागा. कोपऱ्यातल्या तिकोनी फळीवर बसले की वारा लागतो, शीड पूर्ण दिसते, यात मजा आहे हे कबूल. पण मूळ कठडा धरायला केलेला असतो, बसायला नव्हे. फळी वरच्या दोन पाइपांवर नुसती लटकवू नका. आतल्या कडेखाली डेकवर उतरणारा स्वतंत्र पाय हवा, त्यालाही वर सांगितलेली प्लेट. पाइपाला भोक पाडून स्क्रू मारणे हा सर्वांत वाईट मार्ग. दोन तुकड्यांचे क्लॅम्प वापरा, आत नायलॉनची पट्टी द्या.

फळी सागवानाची, आयएस ७१० मरीन प्लायची किंवा एचडीपीईची (एक टणक प्लास्टिक). एचडीपीई १८-१९ मिमीची घेतली तर रंग नको, तेल नको. पण त्यावर काहीच चिकटत नाही आणि उन्हात ती फार वाढते. ६०० मिमीच्या फळीत ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिमी. म्हणून स्क्रूची भोके लांबट ठेवावी आणि दर ३०० मिमीला खालून आधार द्यावा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत ती झोळीसारखी लवते. प्लायच्या कडा इपॉक्सीने तीनदा बंद करा. प्लाय कडेतूनच मरते. पाणी साचू नये म्हणून फळीला थोडा उतार द्या. सागाला वॉर्निश लावून ती निसरडी करण्याचे प्रयोजन आम्हाला तरी कळलेले नाही.

लहान बोटीवर वजनही बघावे. जे-२४ ही छोटी शर्यतीची बोट जेमतेम १४०० किलोंची. दोन्ही कोपऱ्यांत दोन धट्टीकट्टी माणसे बसवली की बोटीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त भार अगदी टोकाला जातो, पिछाडी पाण्यात बसते आणि बोट पाणी ओढत चालते. इतक्या लहान बोटीला या जागा नकोतच, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोठ्या बोटीवर फळी पक्की करण्याआधी पुठ्ठ्याचा साचा बांधून सुकाणूचा दांडा दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा, बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून ताणणारी तार, आड येते का बघा, आणि शिडी उघडायच्या फटीवर फळी येत असेल तर ती बिजागरीने उचलता यायला हवी. मागचा दिवा १३५ अंशांत दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना साडेसदुसष्ट अंश. फळी, सोलर पॅनेल किंवा त्यावर टांगलेला लाइफबॉय यांपैकी काहीही त्याच्या आड येता कामा नये.

सगळे झाल्यावर एकाने वरच्या पाइपाला धरून आत-बाहेर जोरात हिसडे द्यावेत आणि दुसऱ्याने त्याच वेळी कपाटात टॉर्च धरून बॅकिंग प्लेटच्या कडेवर नजर ठेवावी. तिथे केसाएवढी जरी फट उघडताना दिसली, तरी फळीवर कोणाला बसवू नये.

आपले,
शिडाच्या बोटींच्या देखभालीत काम करणारे काही वाचक
मुंबई