जी. एं.च्या पत्रांवर तारीख आणि नाव तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्यावरचा लेख वाचला. लेखकाने तो मनापासून लिहिला आहे यात शंका नाही. पण पुन्हा तेच सगळे: काळा गॉगल, मिटलेले दार, धारवाडचा एकांतवास. सोबतच्या चौकटीत पत्रांमधली चार वाक्ये दिली आहेत. ती कुणाला लिहिली, कधी लिहिली, काही कळायला मार्ग नाही. माझी तक्रार त्या चौकटीबद्दल आहे.

आधी एकांतवासाचे बघू. जी. ए. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत. वर्षानुवर्षे, वेळापत्रकाप्रमाणे, पोरांसमोर उभे राहून. घरी बहिणी होत्या. संध्याकाळी क्लबात पत्ते चालत. चित्रे काढायचे, वाचन तर अफाट. आमच्या सीमाभागातल्या कुठल्याही प्राध्यापकाचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जायचा. त्यांनी टाळली ती व्यासपीठे: सभा, संमेलने, सत्कार, मुलाखती. माणसे टाळली असे म्हणावे, तर मग पत्रांचे काय करायचे? मौज प्रकाशनाने त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड काढले, आणि तेही निवडकच. दिवसाची नोकरी सांभाळून, कथा लिहून, अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणून हा माणूस एवढी पत्रे लिहीत होता. त्याला माणूसघाणा म्हणायला धाडस लागते.

आणि पत्रे तरी कशी? कथांमध्ये नियतीखाली चिरडली जाणारी माणसे रंगवणारा हा लेखक पत्रात भलताच मिश्कील होतो. स्वतःची टर उडवतो, नुकत्याच वाचलेल्या इंग्रजी पुस्तकाबद्दल पानेच्या पाने लिहितो, मध्येच कुणावर तरी तिरकस शेरा मारून पुढे जातो. पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. त्यातला मोकळेपणा सुनीताबाईंसाठी आहे. प्रकाशकाला लिहिताना हाच माणूस वेगळा असतो, समवयस्क लेखकमित्राशी बोलताना आणखी वेगळा. समोर कोण आहे ते बघूनच आपणही बोलतो की! पत्रावरचे नाव खोडले की थट्टेत लिहिलेले वाक्य एकदम तत्त्वज्ञान वाटू लागते. मोबाइलवर सकाळी फुलांच्या चित्राबरोबर जी. एं.चे 'विचार' येतात, त्यांचे मूळ इथेच आहे. स्वतः जी. एं.नी त्यावर काय लिहिले असते, या कल्पनेनेच मला हसू येते.

तारखेचेही तसेच. 'काजळमाया' या त्यांच्या कथासंग्रहाला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद निघाला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. मानसन्मानाबद्दलचे त्यांचे एखादे वाक्य या प्रकरणाच्या आधीचे की नंतरचे, यावर त्याचा सगळा अर्थ फिरतो. शेवटच्या आजारपणात त्यांचा मुक्काम पुण्याला हलला आणि तिथेच 11 डिसेंबर 1987 रोजी ते गेले. धारवाडच्या ऐन उमेदीतले पत्र आणि अखेरच्या काळातले पत्र एकाच चौकटीत, एकाखाली एक, तारखेविना छापणे हे मला तरी पटत नाही.

सुनीताबाईंच्या बाबतीत एक बरे झाले. त्यांनी जी. एं.ना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने पुस्तकरूपात आली, त्यामुळे दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचता येतात. एकीकडून आलेला प्रश्न दुसरीकडे कसा टोलवला जातो, कुठे मुद्दाम सोडून दिला जातो, हे वाचण्यात खरी गंमत आहे. ज्यांनी फक्त पहिला खंड वाचला, त्यांनी निम्मेच संभाषण ऐकले. बाकीच्या बहुतेक पत्रव्यवहाराचा हा दुसरा अर्धा भाग वाचकांच्या हाती आलेला नाही.

ज्यांच्या घरात मोठ्या लेखकांची जुनी पत्रे पडून आहेत, त्यांना कायद्याची धास्ती वाटते म्हणून थोडे लिहितो. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा असतो, मजकुरावरचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या मजकुराला प्रकाशनापासून साठ वर्षे संरक्षण असते. म्हणजे ही पत्रे परस्पर छापता येत नाहीत, पण मूळ कागद एखाद्या चांगल्या ग्रंथालयाला सांभाळायला देण्यात काहीच अडचण नाही. आंतरदेशीय पत्राचा कागद घडीवर आधी फाटतो, आणि पत्ता लिहिलेला भाग गेला की कुणाला लिहिले तेच कळेनासे होते. पाकिटेही फेकू नयेत, पोस्टाचा शिक्का त्यांच्यावरच असतो.

आपल्याकडून अपेक्षा छोटी आहे. 10 जुलैला जी. एं.ची जयंती असते आणि आपण दरवर्षी त्यांच्यावर काही ना काही छापता. पुढच्या वेळी पत्रातला उतारा घ्याल तेव्हा खाली एक ओळ वाढवा: कुणास, आणि दिनांक. जागा कमी पडली तर गॉगलचा फोटो लहान करा.

आपला,
एक वाचक, बेळगाव