अनुभवापेक्षा मोठे काम घेताना

संपादक महोदय,

अनुभवापलीकडचे काम आले की इमारती-पुलांचा सांगाडा आखणाऱ्या तरुण स्ट्रक्चरल अभियंत्याला 'संधी सोडू नकोस' असेच सांगितले जाते. एवढ्यावर होकार देऊ नये. आधी कामाची फोड करावी: भाराचा हिशोब, विश्लेषण, जोड, पाया, साइटवरची तपासणी. यांतले स्वतः केलेले काय, नुसते पाहिलेले काय आणि पूर्ण नवे काय, हे लिहून काढावे. नवा भाग एखादाच असेल आणि तो तपासण्याची जबाबदारी एखादा जाणकार लेखी घेत असेल, तर काम जरूर घ्यावे. त्याच्या तपासणीचे तास मात्र फी आणि मुदतीत आधीच धरावेत. नाहीतर घाईत पहिली कात्री तिथेच लागते.

सॉफ्टवेअरवर विसंबणे सर्वांत घातक. आधाराची अट (टोक नुसते टेकले आहे की घट्ट धरले आहे) चुकली तरी आलेख देखणाच येतो. लांबीभर समान भार असलेल्या, टोकांवर नुसत्या टेकलेल्या साध्या बीमला (तुळईला) मध्यावर बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा परिणाम, दर मीटरचा भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८. दोन्ही टोके पक्की असतील तर टोकांशी भागिले १२, मध्यावर भागिले २४. असा पडताळा हाताने जमत नसेल, तर ते काम एकट्याने घेऊ नये.

अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रिजन्सी हॉटेलचे टांगते पूल १९८१ मध्ये कोसळून ११४ माणसे गेली. वरचा-खालचा पूल टांगायला एका सलग सळईऐवजी दोन सळया वापरल्याने वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला होता आणि त्या बदलाचे गणित कुणी मांडलेच नव्हते. म्हणून कंत्राटदाराने सुचवलेला प्रत्येक बदल डिझायनरने पुन्हा तपासूनच मंजूर होईल, ही अट काम स्वीकारतानाच करारात घालावी.

– एक स्ट्रक्चरल इंजिनिअर