पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल घेताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

विस्कॉन्सिनचा शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम तू पूर्ण केलास आणि नोव्हेंबरमधल्या नऊ दिवसांच्या हंगामात हरणाच्या शिकारीला जायचे ठरवलेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि फार आनंद झाला. हजार डॉलरच्या आसपास सर्वांत दर्जेदार बोल्ट-ॲक्शन रायफल कोणती, असा तुझा सरळ प्रश्न आहे. उत्तरही सरळच देणार आहे. पण रायफलचा दर्जा नेमका कुठे पाहायचा, हे आधी सांगितल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ राहणार नाही. भोसरीच्या टूल रूममध्ये आपण दोघांनी मायक्रोमीटर हातात धरून उमेदीची वर्षे काढली आहेत, तेव्हा हा तपशील तुला कंटाळवाणा वाटणार नाही.

सर्वांत आधी, केवळ नेमबाजीच्या अचूकतेवरून दर्जा ठरवू नकोस. दुकानात गेलास की शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात बसतात, हेच तुला पहिल्यांदा ऐकवले जाईल. ते खोटे नसते. नळीच्या आत मँड्रेल (साच्याची सळई) घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकत नळी आणि तिचे आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खोबणी) एकदमच घडवण्याची पद्धत, तसेच संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापलेले चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) यांमुळे ही अचूकता आज स्वस्तातल्या रायफलमध्येही मिळते. शिवाय तीन गोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे सांख्यिकी शिकलेल्या माणसाला मी सांगायला नको. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण आठ इंचांचा असतो आणि तुझ्या भागातल्या जंगलात शंभर-दीडशे यार्डांपलीकडे नेम धरण्याची वेळ क्वचितच येते. तेव्हा अर्धा इंच आणि दीड इंच यांतला फरक कागदावर दिसतो, शिकारीत दिसत नाही. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी दर वेळी एकाच जागी लागते का, एवढे मात्र जरूर पाहावे.

खरा दर्जा बोल्टच्या, म्हणजे काडतूस पुढे ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, येण्याजाण्यात असतो. मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये कसे शिरते, झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर कशी येते आणि या दोन क्रिया घाईत, थंडीत, जाड हातमोजे घातलेल्या हाताने केल्या तरी बिनचूक होतात का, यावर मी रायफलची परीक्षा करतो. या बाबतीत आजही मोजमापाचा दंडक एकच आहे आणि तो म्हणजे जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ येथे पॉल माउझर यांनी रचलेली आणि १८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेली माउझर ९८. तिच्या बोल्टच्या उजव्या अंगाला स्प्रिंगच्या पोलादाचा एक लांब पंजा असतो आणि बोल्ट फिरला तरी तो पंजा फिरत नाही. मॅगझिनमधून काडतूस वर सरकताच त्याची कड या पंजाखाली जाते आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत काडतुसावरची पकड सुटत नाही. बोल्ट अर्ध्यावर थांबवून मागे ओढला, तरी काडतूस परत येते. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम लग, म्हणजे रायफल झाडताना बोल्टला जागेवर अडकवून ठेवणारे उंचवटे, आहेत आणि ते निकामी झालेच तर आधार म्हणून मागे तिसरा ठेवला आहे. पुंगळी फाटलीच तर गरम वायू डोळ्यांकडे येऊ नये म्हणून बोल्टच्या अंगात दोन लांबट छिद्रे पाडली आहेत; त्यांतून वायू डाव्या बाजूच्या खाचेत उतरतो आणि उरलासुरला मागच्या रुंद कॉलरवर अडतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारागिराने इतका पुढचा विचार करावा, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल याच माउझर ॲक्शनवर, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेवर, बांधलेली होती.

अमेरिकेत हा वारसा विंचेस्टर मॉडेल ७० ने चालवला. १९३६ मध्ये आलेल्या या रायफलने माउझरचा पंजा ठेवला आणि सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली खिट्टी) दुर्बिणीखाली सहज फिरेल अशी नव्याने रचली. पुढे कुशल कामगारांकडून पोलादाचा एकेक भाग कापून घेणे परवडेनासे झाले, तेव्हा १९६४ मध्ये कंपनीने रचना बदलली. पंजा गेला आणि दस्त्यावर हाताने कोरायची नक्षी ठशाने दाबली जाऊ लागली. ६४ पूर्वीच्या मॉडेल ७० ला जुन्या बाजारात आजही वेगळा भाव मिळतो तो यामुळेच. मात्र त्या भावात जुन्या नावाची हौसही मिसळलेली असते. १९९० च्या दशकात पंजाची रचना परत आली, आणि २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद पडल्यानंतर दक्षिण कॅरोलायनात नव्याने बनू लागलेल्या मॉडेल ७० मधले यंत्रकाम माझ्या नजरेला जुन्यापेक्षा अधिक नेमके दिसते.

१९६२ ची रेमिंग्टन ७०० नेमकी उलट्या विचारातून आली. तिचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, गोल सळईतून कातून काढतात, म्हणून तो स्वस्तही पडतो आणि सरळही राहतो. बोल्टचे तोंड खोलगट असते. काडतुसाचा तळ त्यात पूर्ण बसतो आणि त्याभोवती बोल्टचे, नळीचे व रिसीव्हरचे अशी पोलादाची तीन कडी येतात. ताकदीच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे आणि नेमबाजांची ती लाडकी आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु पुंगळी ओढून काढणारा तिचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या तोंडात बसवलेली एक बारीक पट्टी, आणि ती काडतुसाची कड पकडते बोल्ट पूर्ण मिटल्यावरच. गडबडीत बोल्ट पुरता न मिटता मागे आला, तर पहिले काडतूस चेंबरमध्येच राहते आणि पुढचे त्याच्या पाठीवर जाऊन आदळते. तिच्या जुन्या चापाबद्दल, तो न ओढताही रायफल सुटते अशा तक्रारींवरून, दीर्घकाळ खटले चालले. कंपनीने दोष नाकारला, पण सामूहिक दाव्यातील तडजोडीत लाखो रायफलींचे चाप बदलून देण्याचे मान्य झाले. जुनी ७०० स्वस्तात मिळाली तर जाणकार गनस्मिथकडून तिचा चाप बदलून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस भरू नकोस.

सेफ्टीचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. विस्कॉन्सिनमध्ये गाडीत रायफल भरलेली ठेवता येत नाही, म्हणजे दिवसातून अनेकदा ती रिकामी करावी लागते. मॉडेल ७० ची सेफ्टी तीन टप्प्यांची आहे. मधल्या टप्प्यावर फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) अडकलेली राहते, पण बोल्ट उघडतो, त्यामुळे काडतूस निर्धास्तपणे बाहेर काढता येते. शिवाय ती थेट फायरिंग पिनलाच अडवते. बहुतेक इतर रायफलींची सेफ्टी फक्त चापाची यंत्रणा रोखते. या एका गोष्टीसाठी मी जास्त पैसे मोजायला तयार असतो.

आता तुझ्या खिशाचा विचार करू. फिनलंडमधल्या रीहिमाकी येथे साको कंपनी बनवते ती टिक्का टी३एक्स तू अवश्य हातात घे. तिचा बोल्ट तेल लावलेल्या लेथच्या स्लाइडसारखा सरकतो, नळी महागड्या साकोच्याच कारखान्यात घडते, आणि बोल्ट सत्तर अंशांतच उघडत असल्याने दुर्बिणीखाली हातमोज्यातली बोटे अडकत नाहीत. चाप कोरडा आणि स्वच्छ सुटतो. दस्ता आणि मॅगझिन प्लास्टिकची आहेत, ते मला रुचत नाही. काडतुसेही मॅगझिनमध्ये तीनच बसतात. सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो, म्हणजे रायफल रिकामी करताना सेफ्टी काढावीच लागते. रिसीव्हर मात्र भक्कम आहे आणि जिथे खर्च करायला हवा तिथे तो केलेला आहे. रुगर अमेरिकन तिच्याहून स्वस्त आहे, नेमही चांगला आहे, पण बोल्ट खरखरतो आणि दस्ता लवचीक वाटतो. सॅव्हेज ११० बद्दल एवढेच म्हणतो, की नळी नटाने कसून हेडस्पेस (बोल्टचे तोंड आणि चेंबर यांमधले नेमके अंतर) साधण्याची तिची युक्ती हुशारीची आहे आणि तिच्या चापाला नाव ठेवायला जागा नाही, मात्र बोल्टची सफाई मला पटत नाही.

पंजाची पकड नसूनही मी टिक्का सुचवतो आहे, याचे तुला नवल वाटेल. अस्वल अंगावर येणाऱ्या मुलखात तू जाणार असतास, तर मी माउझर पद्धतीशिवाय दुसरे नाव घेतले नसते. हरणासाठी काडतूस पुढे ढकलणारा चांगला बोल्ट पुरतो, एवढेच की तो प्रत्येक वेळी शेवटपर्यंत मिटवण्याची सवय हाताला लागली पाहिजे. तरीही २००८ नंतरची एखादी वापरलेली, पण नीट राखलेली मॉडेल ७० तुझ्या पैशांत बसली, तर टिक्का बाजूला ठेवून तीच घे.

रायफल नवी असो की जुनी, दुकानदाराच्या परवानगीने ती रिकामी असल्याची खात्री करून घे आणि बोल्ट बाहेर काढ. लगांच्या मागच्या बाजूला घासल्याची चकाकी दिसते, ती दोन्ही लगांवर सारखी हवी. एकाच लगावर असेल तर सगळा दाब तोच एकटा सोसतो आहे असे समज. डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून रिसीव्हरपर्यंत सरकवून पाहा. ती अडली, तर नळी लाकडाला किंवा प्लास्टिकला टेकते आहे. चेंबरच्या तोंडाशी ओरखडे आहेत का, हे विजेरीने नीट बघ. नळी .३०८ विंचेस्टर काडतुसाची निवड. हरणासाठी ती पुरेशी आहे, धक्का सोसवतो आणि काडतुसे सगळीकडे मिळतात.

दोन-तीन रायफली पाहून झाल्या की त्यांची नावे, साधारण वर्षे आणि भाव मला कळव, आणि लगांचे फोटो मात्र नक्की पाठव. दुर्बीण आणि तिचे माउंट रायफल ठरल्याशिवाय विकत घेऊ नकोस, कारण बोल्टच्या मुठीला किती मोकळी जागा लागते त्यावर माउंटची उंची ठरते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश